घंटी काहून नाही वाजून राहिली? लाइव्ह नोटिफिकेशन अडलं तर शोधायचं कुठं

"भाऊ, तुमचं ते नोटिफिकेशन बंद पडलं. सकाळपासून घंटीच नाही वाजून राहिली. काहून?"

नागपुरातल्या कळमन्याच्या मार्केट यार्डातल्या एका संत्र्याच्या अडत्याचा हा फोन. नोव्हेंबर महिना, आंबिया बहाराची आवक जोरात, आणि मी तर्री-पोह्याची प्लेट हातात घेऊन टपरीवर उभा. त्याच्यासाठी केलेली साइट तशी साधी. मुनीम ढिगाची बोली टाकतो आणि नोंदणी केलेल्या खरेदीदारांच्या स्क्रीनवर पान रिफ्रेश न करता नवा भाव उमटतो, सोबत टण्‌ असा आवाज होतो. तोच आवाज अडत्याच्या गादीवरच्या कॉम्प्युटरवरही होतो. मागे लाराव्हेल, म्हणजे पीएचपीत साइट बांधायचं फ्रेमवर्क. मधे रिव्हर्ब नावाचा वेबसॉकेट सर्व्हर, म्हणजे ब्राउजरशी सतत उघडी राहणारी वायर सांभाळणारा. पुढे ब्राउजरमधे एको, ती वायर ऐकणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी.

त्या दिवशी मी लॅपटॉप उघडला, रिव्हर्ब रीस्टार्ट केला, कॅश साफ केली, एन्व्ही फाइलमधल्या (साइटच्या सेटिंगची फाइल) दोन ओळी बदलल्या, आणि मग काय झालं ते बघितलं. काहीच झालं नव्हतं. उलट आधीचा बिघाड तसाच राहिला आणि माझे दोन बदल संशयितांच्या यादीत वाढले. तेव्हापासून मी ज्या क्रमानं शोधतो तो क्रम इथं मांडतो. उदाहरणं लाराव्हेलची आहेत, कारण माझं रोजचं काम त्यातच चालतं. नोड आणि सॉकेट आयओवाल्यांचा रस्ताही हाच, थांब्यांची नावं तेवढी वेगळी.

आधी रस्ता माहीत असू द्या

काटोलहून निघालेली गाडी कळमन्याला पोचली नाही तर आपण इंजिन उघडत नाही. आधी ड्रायव्हरला फोन लावून गाडी कुठवर आली ते विचारतो. नोटिफिकेशनचंही तेच करायचं, आणि त्यासाठी वाटेतले थांबे पाठ हवेत.

मुनीम बोली टाकतो तेव्हा लाराव्हेल एक इव्हेंट किंवा नोटिफिकेशन उडवतं. ते थेट ब्राउजरकडे जात नाही, क्यूमधे, म्हणजे कामांच्या रांगेत, जाऊन बसतं. क्यूचा वर्कर, म्हणजे रांगेतली कामं करणारी प्रोसेस, ते उचलतो आणि साध्या एचटीटीपी रिक्वेस्टनं रिव्हर्बला किंवा पुशरला (हेच काम करणारी बाहेरची तयार सेवा) देतो. रिव्हर्ब ते चॅनलवर कान लावून बसलेल्या प्रत्येक ब्राउजरकडे उघड्या वेबसॉकेटमधून ढकलतो. ब्राउजरमधे एको त्या नावाचा लिसनर शोधतो, लिसनरमधलं फंक्शन चालतं, आणि तेव्हा कुठं स्क्रीन हलते.

यातली एक गोष्ट नवीन मुलांच्या लक्षातच येत नाही. रिव्हर्बकडे येणारे रस्ते दोन आहेत. एक तुमच्या ॲपकडून, तो साधा एचटीटीपीचा. दुसरा ब्राउजरकडून, तो वेबसॉकेटचा. दोन्हींचे होस्ट, पोर्ट, स्कीम वेगळे असू शकतात आणि एक चालू असताना दुसरा बंद असू शकतो. "सॉकेट तर कनेक्ट आहे, मग मेसेज का येत नाही" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या वाक्यातच असतं.

हात लावण्याआधी

दोन खिडक्या उघडा. एकीत बोली टाकणारा लॉगिन, दुसरीत ऐकणारा. एकाच ब्राउजरच्या दोन टॅबमधे दोन लॉगिन करू नका, सेशन एकच असतो आणि तुम्ही स्वतःलाच फसवता. एक साधी खिडकी आणि एक इनकॉग्निटो घ्या. शक्य असेल तर तिसरा मोबाइल, वायफाय बंद करून सिमच्या डेटावर.

शेजारी कागद ठेवा. किती वाजून किती मिनिटांनी बोली टाकली ते लिहा, कारण पुढे लॉगमधे तीच वेळ शोधायची आहे. सर्व्हरचा लॉग यूटीसीमधे असेल तर आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून शोधा. हे विसरून मी एकदा अर्धा तास रिकामा लॉग वाचला आहे. आणि एका वेळी एकच बदल. तो उपयोगी पडला नाही तर परत जसाच्या तसा करून मगच पुढचा.

पहिली पायरी: मधोमध डोकावा

मी सर्व्हरपासून सुरुवात करत नाही आणि जावास्क्रिप्टपासूनही नाही. ब्राउजरच्या डेव्हलपर टूल्समधे नेटवर्क टॅब उघडून तिथं वेबसॉकेटचा फिल्टर लावतो, आणि पान पुन्हा लोड करतो. हे लोड करणं महत्त्वाचं आहे. टूल्स उघडण्याआधी जोडलेला सॉकेट त्या यादीत दिसत नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

एक ओळ दिसायला हवी आणि तिचं स्टेटस १०१ हवं. वेबसॉकेटची सुरुवात साध्या एचटीटीपी रिक्वेस्टनं होते. ब्राउजर "हे कनेक्शन अपग्रेड करू या" म्हणतो, सर्व्हर १०१ म्हणून होकार देतो, आणि तीच वायर पुढे दोन्हीकडून बोलण्यासाठी उघडी राहते. २०११ साली ठरलेल्या आरएफसी ६४५५ या इंटरनेटच्या मानकात हा व्यवहार असाच लिहिला आहे. १०१ आला नाही तर पुढचं काहीच होणार नाही, थेट दुसऱ्या पायरीवर जा.

१०१ आला असेल तर त्या ओळीवर क्लिक करून मेसेजेसचा भाग उघडा. रिव्हर्ब पुशरचीच भाषा बोलतो, त्यामुळे दोन्हींत चित्र सारखंच दिसतं. वरून पहिला मेसेज ‘कनेक्शन एस्टॅब्लिश्ड’, त्यात एक सॉकेट आयडी. मग ब्राउजरकडून गेलेला ‘सबस्क्राइब’, त्यात चॅनलचं नाव. मग सर्व्हरकडून ‘सबस्क्रिप्शन सक्सीडेड’. त्यानंतर अधूनमधून पिंग आणि पाँग.

आता दुसऱ्या खिडकीतून बोली टाका आणि डोळे या यादीवर ठेवा.

नवा मेसेज इथं उतरला आणि तरी स्क्रीन हलली नाही, तर मागचं सगळं निर्दोष आहे, चूक तुमच्या जावास्क्रिप्टमधे आहे. ‘सक्सीडेड’ आला पण बोलीचा मेसेज उतरला नाही, तर सॉकेट निर्दोष, सर्व्हरकडे जा. ‘सबस्क्राइब’ गेलाच नाही किंवा त्याला उत्तर आलं नाही, तर भानगड परवानगीची आहे. दोन मिनिटांच्या या तपासात अर्धा रस्ता संशयातून बाद होतो. हे न करता कुणी मला "नोटिफिकेशन येत नाही" एवढंच व्हॉट्सॲपवर लिहिलं, तर मी आधी या यादीचा स्क्रीनशॉट मागतो.

दुसरी पायरी: वायरच जोडली जात नसेल तर

कन्सोलमधलं लाल वाक्य पूर्ण वाचा. लोक पहिले चार शब्द वाचतात.

पान एचटीटीपीएसवर आणि सॉकेट साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या डब्ल्यूएसवर असेल तर ब्राउजर तो उघडूच देत नाही, मिक्स्ड कंटेंट म्हणून जागीच अडवतो. स्वतःच्या मशीनवर सगळं चालतं आणि सर्व्हरवर चढवल्याबरोबर मेलेलं असतं, त्याचं हे सर्वांत जुनं कारण. उपाय म्हणजे डब्ल्यूएसएस (एन्क्रिप्शनवालं वेबसॉकेट), पोर्ट ४४३, आणि एकोच्या सेटिंगमधे ‘फोर्स टीएलएस’ चालू.

रिव्हर्ब मुळात ८०८० पोर्टवर ऐकतो. तो पोर्ट जगाला उघडा करू नका. ऑफिसांच्या आणि कॉलेजांच्या नेटवर्कवर असे पोर्ट सर्रास अडवलेले असतात. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा, तो ४४३ वर घेईल आणि आतल्या आत ८०८० ला देईल. पण एनजिनएक्सला हे तीन गोष्टींत समजावून सांगावं लागतं: प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१, अपग्रेड हेडर पुढे पाठवणं, आणि कनेक्शन हेडरमधे ‘अपग्रेड’ हा शब्द. यातलं काही राहिलं की अपग्रेडची विनंती मधेच गळते आणि १०१ च्या जागी ४०० किंवा ४२६ असा काहीतरी आकडा येतो.

रिव्हर्बच्या सेटिंगमधे दोन जोड्या आहेत आणि त्यांची अदलाबदल फार होते. ‘रिव्हर्ब सर्व्हर होस्ट’ आणि ‘रिव्हर्ब सर्व्हर पोर्ट’ म्हणजे प्रोसेस मशीनवर कुठं ऐकत बसते, म्हणजे ०.०.०.० आणि ८०८०. नुसतं ‘रिव्हर्ब होस्ट’ आणि ‘रिव्हर्ब पोर्ट’ म्हणजे बाकीच्यांनी तिला कुठं गाठायचं, म्हणजे तुमचं डोमेन आणि ४४३. एक दुकानाच्या आतला गल्ला, दुसरा बाहेरच्या पाटीवरचा पत्ता.

पुशर वापरत असाल तर एररच्या आकड्यात उत्तर असतं. ४००१ म्हणजे त्या कीचं ॲप सापडलं नाही. बहुतेक वेळा की चुकीची असते, नाहीतर क्लस्टर चुकीचा असतो. लाराव्हेलच्या मूळ सेटिंगमधे क्लस्टर एमटी१ असतो, तो अमेरिकेतला. आपल्याकडच्या लोकांनी ॲप बनवताना मुंबईचा एपी२ निवडलेला असतो आणि एन्व्ही फाइलमधे एमटी१ तसाच राहतो. ४००४ म्हणजे कनेक्शनचा कोटा संपला. फुकटच्या प्लॅनमधे एका वेळी १०० कनेक्शन मिळतात. शंभर माणसं खूप वाटतात, पण प्रत्येक उघडा टॅब एक कनेक्शन धरतो आणि लिलावाच्या वेळी माणसं तीन-तीन टॅब उघडतात.

आता एक चूक, जी मी स्वतः तीनदा केली आहे. एन्व्ही फाइलमधे की बदलली, सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी ब्राउजर जुन्याच कीनं जोडायला जातो. कारण ‘व्हीट’ (जावास्क्रिप्ट बिल्ड करणारं साधन) या शब्दानं सुरू होणाऱ्या किंमती बिल्ड करताना जावास्क्रिप्टच्या फाइलमधे कायमच्या शिवल्या जातात. ‘एनपीएम रन बिल्ड’ पुन्हा चालवल्याशिवाय त्या बदलत नाहीत. खात्री करायची तर वेबसॉकेटच्या ओळीचा पत्ता बघा, त्यातच की लिहिलेली असते.

तिसरी पायरी: परवानगी

सार्वजनिक चॅनलला परवानगी लागत नाही. प्रायव्हेट आणि प्रेझेन्स (कोण-कोण हजर आहे ते सांगणाऱ्या) चॅनलला लागते. एको गुपचूप ‘ब्रॉडकास्टिंग/ऑथ’ या पत्त्यावर एक पोस्ट रिक्वेस्ट करतो. ती नेटवर्क टॅबमधे साध्या रिक्वेस्टच्या यादीत दिसते, वेबसॉकेटच्या फिल्टरमधे नाही.

४०४ आला तर तो पत्ताच नोंदलेला नाही. लाराव्हेल ११ पासून ब्रॉडकास्टिंग आपोआप बसवलेलं नसतं, ‘पीएचपी आर्टिसन इन्स्टॉल:ब्रॉडकास्टिंग’ चालवावं लागतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘ब्रॉडकास्ट सर्व्हिस प्रोव्हायडर’ची ओळ कॉमेंटमधे झोपलेली असायची. ४१९ म्हणजे सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आल्याची खूण) गेलं नाही किंवा जुनं झालं. दिवसभर उघड्या राहणाऱ्या पानांवर, म्हणजे गादीवरच्या कॉम्प्युटरवर, जुन्या लाराव्हेलमधे हे व्हायचं. ४०१ आला तर लॉगिनच पोचलं नाही. पुढचं ॲप वेगळ्या डोमेनवर आणि टोकननं चालणारं असेल तर या रूटला सँक्टमचं (लाराव्हेलची टोकननं लॉगिन ओळखायची व्यवस्था) मिडलवेअर लावलंय का बघा. ५०० आला तर लाराव्हेलचा लॉग उघडा, अंदाज बांधत बसू नका.

राहिला ४०३. यावर थोडं थांबतो, कारण माझे सगळ्यांत जास्त तास इथं गेले आहेत.

४०३ म्हणजे पत्ता सापडला, पण ‘चॅनल्स’ फाइलमधल्या नियमानं नाही म्हटलं, त्या नावाचा नियमच सापडला नाही, किंवा लॉगिनच ओळखलं गेलं नाही. वर्धमान नगरातल्या एका जुन्या साइटवर मी हे जवळून पाहिलं. साइट लाराव्हेल ७ ची, नंतर ८ वर आणलेली. खरेदीदार क्रमांक ७ लॉगिन करून बसलेला. ब्राउजर मागत होता ‘ॲप.मॉडेल्स.युजर.७’. चॅनल्स फाइलमधे नियम होता ‘ॲप.युजर’ आणि पुढे आयडी. लाराव्हेल ८ मधे मॉडेल्सचा वेगळा फोल्डर मूळ ठरला आणि वैयक्तिक चॅनलच्या नावात मधे ‘मॉडेल्स’ शिरलं. अपग्रेड करणाऱ्यानं जावास्क्रिप्ट बदललं, नियम तसाच ठेवला. एका शब्दासाठी चाळीस खरेदीदारांची नोटिफिकेशनं दोन दिवस बंद. नवीन आवृत्त्यांत ‘पीएचपी आर्टिसन चॅनल:लिस्ट’ चालवलं की नोंदलेले सगळे चॅनल समोर येतात. ब्राउजरनं मागितलेलं नाव त्याच्या शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघा. ‘प्रायव्हेट-’ हा उपसर्ग एको स्वतः लावतो, तो तुम्ही हातानं लिहिलात की दोनदा लागतो आणि पुन्हा ४०३.

दुसरं कारण आणखी चोरटं. नियमात तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केलेली असते. चॅनलच्या नावातून आलेला आयडी अक्षरांच्या रूपात, डेटाबेसमधला आकड्याच्या रूपात. पीएचपीला हे ७ आणि ते ७ वेगळे वाटतात. दोन्ही बाजूंना ‘इंट’ लावून टाका.

चौथी पायरी: सर्व्हरकडून निघतंय का

पहिल्या पायरीत ‘सक्सीडेड’ दिसला आणि पुढे शांतता असेल, तर इथं या. माझ्या अनुभवात सॉकेटवर घेतलेले निम्मे आरोप शेवटी क्यूवर सिद्ध होतात.

सर्वांत आधी ब्रॉडकास्टचा ड्रायव्हर बघा. नव्या प्रोजेक्टमधे तो ‘लॉग’ असतो. म्हणजे लाराव्हेल इमानदारीनं प्रत्येक नोटिफिकेशन लॉगमधे लिहितं आणि कुणालाच पाठवत नाही. लाराव्हेल ११ पासून एन्व्ही फाइलमधल्या त्या ओळीचं नावही ‘ब्रॉडकास्ट ड्रायव्हर’वरून ‘ब्रॉडकास्ट कनेक्शन’ झालं. जुन्या प्रोजेक्टमधून ओळ चिकटवली की ती वाचलीच जात नाही. बदल केल्यावर ‘कॉन्फिग:क्लिअर’ चालवा, नाहीतर कॅशमधलीच किंमत चालत राहते.

मग क्यू. ‘शुड ब्रॉडकास्ट’ लावलेला इव्हेंट क्यूमधे जातो. वर्कर चालू नसेल तर तो तिथंच कुजतो. डेटाबेस क्यू असेल तर जॉब्जच्या टेबलमधल्या ओळी मोजा, बोली टाका, पुन्हा मोजा. वाढल्या आणि कमी होत नाहीत, म्हणजे वर्कर झोपला. वाढल्याही नाहीत आणि मेसेजही नाही, म्हणजे इव्हेंट उडतच नाही किंवा जॉब फेल होतोय. ‘क्यू:फेल्ड’ बघा, तिथं पूर्ण एरर मिळते.

झटपट खातरजमेची एक युक्ती: इव्हेंटवरचं ‘शुड ब्रॉडकास्ट’ काढून तात्पुरतं ‘शुड ब्रॉडकास्ट नाऊ’ लावा. हा क्यू टाळून त्याच क्षणी पाठवतो. मेसेज आला, तर चोर क्यूमधे. मात्र ते तसंच ठेवून घरी जाऊ नका. रिव्हर्ब बंद पडला की मग बोली नोंदवणारी रिक्वेस्टच अडकते.

वर्कर चालू असूनही काम होत नसेल तर तीन गोष्टी विचारात घ्या. एक, इव्हेंटला वेगळ्या नावाची क्यू दिली आहे आणि वर्कर फक्त ‘डिफॉल्ट’ ऐकतोय. दोन, वर्कर एकदा सुरू झाला की जुना कोड पोटात धरून बसतो. नवा कोड चढवल्यावर ‘क्यू:रीस्टार्ट’ आणि ‘रिव्हर्ब:रीस्टार्ट’ दोन्ही चालवावे लागतात. टिंकरचंही (लाराव्हेलचं कमांड लिहून बघायचं कन्सोल) तसंच, कोड बदलला की टिंकर बंद करून परत उघडा. तीन, आणि हे जरा खोल आहे: बोली नोंदवणं ट्रान्झॅक्शनमधे (डेटाबेसचे बदल शेवटी एकदम पक्के, म्हणजे कमिट, करणारा गठ्ठा) आहे आणि इव्हेंट त्याच्या आतूनच उडतो. वर्कर इतका चपळ की ट्रान्झॅक्शन कमिट होण्याआधीच तो जॉब उचलतो, डेटाबेसमधे बोली शोधतो, ती अजून तिथं नसते, आणि ‘मॉडेल नॉट फाउंड’ म्हणून जॉब फेल. दहातून दोनदाच होतं, म्हणून माणूस वेडा होतो. क्यूच्या सेटिंगमधे ‘आफ्टर कमिट’ खरं करा.

फेल झालेल्या जॉबमधे कर्ल एरर ७ असेल तर ॲपला रिव्हर्ब सापडत नाही. डॉकरमधे (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमधे, चालवणारं साधन) ‘लोकलहोस्ट’ लिहिलं असेल तर हेच होणार, कारण कंटेनरच्या आतला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. एरर ६० म्हणजे सर्टिफिकेटवर विश्वास नाही, विंडोजवर काम करणाऱ्यांची नेहमीची कटकट. पुशरकडून ‘टाइमस्टॅम्प एक्स्पायर्ड’ आलं तर सर्व्हरचं घड्याळ बघा, ६०० सेकंदांपेक्षा जास्त फरक पुशर चालवून घेत नाही. आणि ४१३ आला तर मेसेज फार मोठा आहे. पुशरची मर्यादा साधारण १० केबी. कुणीतरी अख्खं मॉडेल, त्याच्या सगळ्या नात्यागोत्यांसकट, इव्हेंटमधे कोंबलेलं असतं. ‘ब्रॉडकास्ट विथ’मधे ढिगाचा आयडी आणि भाव एवढंच पाठवा.

पाचवी पायरी: मेसेज आला, पण ऐकलाच नाही

फ्रेममधे, म्हणजे नेटवर्क टॅबमधल्या त्या मेसेजेसच्या यादीत, मेसेज दिसतोय आणि लिसनर गप्प. हे बहुधा नावाचं भांडण असतं.

एको इव्हेंटच्या नावापुढे आपणहून ‘ॲप\इव्हेंट्स’ चिकटवतो. तुम्ही ‘ब्रॉडकास्ट ॲज’ वापरून नाव ‘बोली.आली’ असं ठेवलंत, तर लिसनरमधे त्या नावाआधी एक टिंब द्यावं लागतं: ‘.बोली.आली’. त्या टिंबाचा अर्थ, नाव जसंच्या तसं घे, पुढे काही लावू नको. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना फ्रेममधलं इव्हेंटचं नाव आधी कागदावर उतरवायला लावतो. बॅकस्लॅश दिसला तर टिंब नको, नुसतं नाव दिसलं तर टिंब हवं.

दुसरा घोळ इव्हेंट आणि नोटिफिकेशन यांचा. लाराव्हेलच्या नोटिफिकेशन क्लासमधून ‘ब्रॉडकास्ट’ मार्गानं पाठवलेला मेसेज तुमच्या क्लासच्या नावानं येत नाही, तो ‘ब्रॉडकास्ट नोटिफिकेशन क्रिएटेड’ या एकाच नावानं येतो. त्याला ‘लिसन’ लावून उपयोग नाही, ‘नोटिफिकेशन’ हे फंक्शन लावावं लागतं. आणि क्लासच्या ‘व्हाया’मधे ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द आहे ना, तेही बघा. तिथं फक्त ‘डेटाबेस’ असतो आणि माणूस सॉकेट तपासत बसतो.

लिसनर चालला पण भावाच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ दिसला, तर इव्हेंटमधला तो गुणधर्म पब्लिक नाही किंवा ‘ब्रॉडकास्ट विथ’मधे घातलेला नाही. असे गुणधर्म पाठवलेच जात नाहीत.

एकच नोटिफिकेशन दोनदा येत असेल तर लिसनर दोनदा लागलाय. व्ह्यू किंवा रिॲक्टमधे कंपोनंट पुन्हा उभा राहतो आणि जुना चॅनल कुणी सोडत नाही. कंपोनंट जाताना ‘लीव्ह’ करा. बोली टाकणाऱ्याला स्वतःचीच बोली परत येत असेल तर ‘टू अदर्स’ लावा, आणि रिक्वेस्टसोबत सॉकेट आयडीचं हेडर जातंय ते बघा. ॲक्सिओस ग्लोबल असेल तर एको ते आपोआप जोडतो, साधा ‘फेच’ वापरला तर हातानं जोडावं लागतं.

सहावी पायरी: चालतं, पण मधेच सुटतं

बरोबर एक मिनिटानं सुटत असेल तर एनजिनएक्सकडे बघा. ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’ मुळात ६० सेकंद असतो. तेवढ्या वेळात मागच्या सर्व्हरकडून एकही अक्षर आलं नाही तर तो वायर कापतो. तुमचा पिंग मिनिटापेक्षा जास्त अंतरानं जात असेल तर टाइमआउट वाढवा किंवा पिंग जवळ आणा. वायर निरोप न घेता तुटली की ब्राउजरमधे १००६ हा आकडा दिसतो. तो कारण सांगत नाही, फक्त दार आपटल्याचं सांगतो.

लिलाव सुरू झाल्यावरच सुटत असेल तर मोजमाप करा. प्रत्येक कनेक्शन सर्व्हरवर एक फाइल उघडी धरतं आणि लिनक्सवर एका प्रोसेसला मुळात १०२४ फाइलींचीच मुभा बरेचदा असते. ‘यूलिमिट’ आणि एनजिनएक्सचे ‘वर्कर कनेक्शन्स’ दोन्ही वाढवा. पीएचपीचा साधा इव्हेंट लूपही १०२४ च्या आसपासच अडतो, त्यापुढे जायचं तर रिव्हर्बसाठी ‘यूव्ही’ हे एक्स्टेन्शन बसवावं लागतं.

मोबाइलवर सुटत असेल तर मात्र भांडू नका. खरेदीदार फोन खिशात टाकतो, स्क्रीन बंद होते, बॅटरी वाचवायला फोन ब्राउजरला झोपवतो, सॉकेट तुटतो. यार्डात रेंज जाते-येते, मे महिन्यात वीजही. हे तुम्ही थांबवू शकत नाही. ब्रॉडकास्ट म्हणजे भोंगा आहे, वही नाही. जो तेव्हा तिथं होता त्यानं ऐकलं, नव्हता त्याच्यासाठी तो आवाज कुठंच साठवलेला नाही. म्हणून प्रत्येक नोटिफिकेशन डेटाबेसमधेही लिहा, आणि सॉकेट परत जोडला गेला किंवा टॅब पुन्हा समोर आला की ‘शेवटच्या पाहिलेल्या आयडीनंतरचं सगळं द्या’ अशी एक साधी रिक्वेस्ट करा. हे केल्यावर माझ्याकडे येणारे निम्मे फोन बंद झाले. ज्या साइटमधे हे नाही, तिथं मी बाकी काही दुरुस्त करण्याआधी हे बसवतो.

त्या दिवशी कळमन्यात

अडत्याच्या फोनवर परत येतो. पोहे संपवून गादीवर गेलो, नेटवर्क टॅब उघडला. १०१ होता, ‘सक्सीडेड’ होता, बोली टाकली तर शांतता. जॉब्जच्या टेबलमधे तीनशेच्या वर ओळी. रात्री सर्व्हर अपडेटसाठी आपोआप रीबूट झाला होता. रिव्हर्ब सुपरवायझरखाली (बंद पडलेली प्रोसेस पुन्हा उठवणारा प्रोग्राम) होता, तो उठला. वर्कर मी कधीतरी घाईत टर्मिनलमधून हातानं सुरू केला होता, त्याला उठवणारं कुणीच नव्हतं. त्यालाही सुपरवायझरखाली घातलं. जुने ओळीनं तीनशे भाव खरेदीदारांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून आधी क्यू रिकामी केली. त्या क्यूमधे ब्रॉडकास्टशिवाय काही नाही ना, हे बघूनच.

मग बोली टाकली. फ्रेममधे मेसेज आला, स्क्रीनवर भाव बदलला.

"घंटी?" अडत्या म्हणाला.

नाही वाजली. त्यानं पहिल्यांदा सांगितलं होतं ते शब्दशः तेवढंच होतं आणि मी ऐकलं होतं भलतंच. कन्सोलमधे एक लाल ओळ: ‘नॉट अलाउड’. क्रोमनं २०१८ पासून, आवृत्ती ६६ पासून, नियम केला आहे की माणसानं पानाला हात लावल्याशिवाय आवाज वाजवायचा नाही. रोज सकाळी मुनीम त्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचा, त्यामुळे क्लिक व्हायचा आणि घंटी वाजायची. त्या आठवड्यात मीच ‘लॉगिन लक्षात ठेवा’ सुरू करून दिलं होतं. आता कॉम्प्युटर चालू केला की पान आपोआप उघडायचं, कुणी हात लावत नव्हतं.

तिथल्या तिथं पानावर एक मोठं बटन टाकलं, ‘आजचं दुकान उघडा’. ते दाबेपर्यंत बाकी काही दिसत नाही, आणि दाबलं की अगदी हळू एक आवाज वाजवून घेतो, म्हणजे पुढच्या सगळ्या आवाजांना मुभा मिळते. मुनिमानं बटन दाबलं. मी फोनवरून बोली टाकली. टण्‌.

दुपारी परत फोन. "वाजली भाऊ. आता थोडी हळू करा ना. गिऱ्हाईक काय म्हणून राहिलं ते ऐकूच नाही येत."